लव्हाळा, ताई आणि दोन डुकरं

१० फेब्रुवारी

आज ट्रॅक्टर येऊन गेला. एकतीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, पण फाटकातून तो ट्रॅक्टर आत वळला तेव्हा माझी जशी धांदल उडाली तशी मुख्य डॉक्टरांसमोरही कधी उडाली नव्हती. ट्रॅक्टरवाल्याने विहिरीजवळच्या तुकड्यात दोनदा रोटर फिरवला. पन्नास पावलं लांब, तीस पावलं रुंद. माती इतकी भुसभुशीत झाली की मी चपला काढून मधोमध जाऊन उभी राहिले. एकूण जागा एक एकर आहे, पण सुरुवात एवढ्यापासूनच करायची ठरवली आहे.

ताई दारातूनच बघत होती. म्हणाली, पाय धुतल्याशिवाय आत येऊ नकोस.

जागा आम्हा दोघींची. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, चौसष्टची. कोर्टात टायपिस्ट होती. भावोजींना जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा मुलगा शहरात तिसऱ्या मजल्यावर राहतो, आणि त्याच इमारतीत त्याने आईसाठी खोली बघून ठेवली आहे. ती इथे आली ती केवळ माझ्या हट्टापायी, आणि तीही अट घालून. तीस एप्रिलपर्यंत या मातीत भाजी लावता आली तर ती राहणार. नाहीतर जागा विकायची, तिने मुलाकडे जायचं आणि मी माझं बघायचं. मी लगेच हो म्हणून बसले. अडीच महिन्यांवर दिवस आहेत. तेवढ्यात गाजर खायला येतं.

जाताना ट्रॅक्टरवाला म्हणाला, थोडा लव्हाळा होता, पण सगळा बारीक करून टाकलाय. मी खूश होऊन त्याला आणखी एक कप चहा दिला.

२० फेब्रुवारी

सकाळी दार उघडलं तर सगळा तुकडा हिरवा. गाजराचं बी टाकून नऊ दिवस झाले होते. मी ओरडतच आत गेले आणि ताईला हाताला धरून बाहेर आणलं. तिने चष्मा लावला, खाली वाकली, एक कोंब उपटला आणि बोटात फिरवून बघितला.

"गाजराच्या देठाला तीन कडा असतात का गं?"

नसतात. लव्हाळ्याला असतात.

दुपारी शेतीखात्याची पुस्तिका काढून नीट वाचली. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर एखादीच गाठ फुटते, बाकीच्या गप्प पडून राहतात. माळ तुटली की एकेक गाठ जागी होते. म्हणजे ट्रॅक्टरने आमचा लव्हाळा मारला नाही, झोपेतून उठवला. आणि मी त्या माणसाला दोनदा चहा पाजला.

२१ फेब्रुवारी

एक हात लांब, एक हात रुंद चौकट आखली आणि ढोपरभर खणली. माती चाळणीतून चाळली. निघालेल्या काळ्या गाठी पत्रावळीसारख्या पसरट ताटात मांडून मोजल्या. दोनशे चौदा. एवढ्याशा चौकटीत. एक फोडून हुंगली तर छान अत्तरासारखा वास येतो, हेही लिहून ठेवते.

ताईने ताट बघितलं आणि म्हणाली, "मग? काढू का बॅग?"

खरं तर मला रडू यायला हवं होतं. पण उलटंच झालं. निदान झालं की अर्धं काम झालं असं आम्ही वॉर्डात म्हणायचो. किती आहेत, कुठे आहेत, कसे फुटतात, सगळं कळलं आहे. अंगात असा जोर आला आहे की बसवत नाही.

२६ फेब्रुवारी

काळा प्लास्टिक कागद आणला. ऊन मिळालं नाही की कोंब पिवळे पडतात, गाठी उपाशी मरतात. साधी गोष्ट आहे. दिवसभर कागद पसरला, कडांवर दगड ठेवले. संध्याकाळी कमरेचा पार काटा ढिला झाला होता, पण काय सुंदर दिसत होतं. काळं, सपाट, चकचकीत, एकही पान नाही.

ताई म्हणाली, जमीन कुठे गेली? मी म्हटलं, ऑपरेशन टेबलवर आहे.

७ मार्च

लव्हाळ्याने कागद भोकसला.

इंजेक्शनच्या सुया खालून वर याव्यात तसे कोंब सरळ आरपार आलेत. इथे दहा, तिथे वीस. मी गुडघ्यावर बसून एकेकाकडे बघत राहिले. राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं. असला चिवट पेशंट मिळाला असता तर आमच्या डॉक्टरांनी आनंदाने सलाम ठोकला असता.

रात्रीच्या वाऱ्याने कागदाचा एक कोपरा फाटून कुंपणापलीकडे गेला होता. तो घेऊन शेजारचे घड्याळजी आले. वय सदुसष्टच्या आसपास, एकटेच असतात. पडवीत टेबल मांडून घड्याळं दुरुस्त करतात आणि मागच्या अंगणात डुकरं पाळतात. आजवर नुसतं मान हलवण्यापुरतीच ओळख होती. कागदाची नीट चौकोनी घडी घालून आणली होती. त्यांनी कोंबांकडे बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, हा कागदाला घाबरत नाही. डुकराला घाबरतो."

डुकरं गाठी उकरून खातात म्हणे. नुसती पानं नाहीत, मुळासकट. त्यांच्या अंगणात पूर्वी असाच लव्हाळा होता, आता नावाला नाही. दोन डुकरं हवी तितके दिवस न्या म्हणाले. आहेत तेवढ्या फळ्या आणि जुनी दारंसुद्धा देतो, कुंपणाला.

मी त्यांच्यासमोरच टाळी वाजवली. इतकी साधी गोष्ट पुस्तिकेत का लिहीत नाहीत?

ताई आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन एकच वाक्य बोलली. "माझ्या दाराशी डुकरं आली तर त्याच दिवशी मी गाडीत बसेन." घड्याळजींनी तिच्याकडे बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "बाई, आधी त्यांना एकदा भेटाल का?"

ताईला असं कोणी कधी विचारलं नसावं. ती चष्मा काढून पदराने पुसू लागली.

८ मार्च

ताई डुकरं बघून आली. मी बरोबर येते म्हटलं तर म्हणाली, मला रस्ता सापडतो. रस्ता म्हणजे कुंपणाची फट. पाऊण तासाने आली. तोंड वेडंवाकडं करून काहीतरी बोलेल म्हणून मी तयारीत होते. ती नुसती हात धूत उभी राहिली आणि म्हणाली, "वाटलं होतं तसं नाही. स्वच्छता आहे. घर सगळं आपल्या हाताने आवरलेलं असतं."

मी डुकरांबद्दल विचारत होते. पण होकार आहे एवढं कळलं. उद्यापासून सुरुवात.

९ मार्च

घड्याळजी बरोबर आठच्या ठोक्याला आले. डुकरं धुतलेली होती, शर्ट इस्त्रीचा होता. डुकरं आणायला इस्त्रीचा शर्ट कशाला ते काही कळलं नाही.

आम्ही तिघांनी मिळून काळा कागद गुंडाळला आणि फळ्या आणि दारं उभी करून एक पट्टा बंदिस्त केला. डुकरं आत सोडली. पहिली दोन मिनिटं ती नुसती हुंगत फिरली. मग त्यातल्या मोठ्या डुकराने नाक मातीत घातलं आणि नांगर चालावा तसा सरळ निघाला. पाठोपाठ दुसरा. दातांखाली गाठी फुटायच्या, कुणी शेजारी बसून शेंगदाणे चावावेत तसा आवाज. मी दोन तास हलले नाही. सिनेमातही कधी इतकी रमले नव्हते.

ताईने जेवताना त्यांना नावं दिली. मोठा गंभीर आहे, काम करतो आणि बोलत नाही, तो जज्ज. दुसरा कारण नसताना ओरडतो, तो वकील.

१४ मार्च

पहिला पट्टा झाला. डुकरांना पुढच्या पट्ट्यात हलवलं आणि मी इकडे पुन्हा तशीच चौकट आखून खणली, चाळली, मोजलं. एकोणीस.

दोनशे चौदाचे एकोणीस. मी चाळणी घेऊन धावत निघाले. ताई कुंपणापाशी होती, घड्याळजींना कोर्टातला कुठलासा किस्सा सांगत होती. एका साक्षीदाराने शपथ घेताना स्वतःचंच नाव चुकीचं सांगितलं होतं, तो. ते इतके हसत होते की डोळे पुसत होते. मी हा किस्सा पन्नासदा ऐकला आहे, त्यात एवढं हसण्यासारखं काही नाही. मी मध्येच एकोणीस म्हणून सांगितलं. दोघं "हो का, वा" म्हणाले आणि पुन्हा साक्षीदाराकडे वळले.

एवढी मोठी बातमी आणि एवढंसं कौतुक. पण मला काय त्याचं. एकोणीस.

२३ मार्च

तिसरा पट्टा चालू. राहिलेल्या गाठींना नवे कोंब येतात, त्यांना तीन-चार पानं फुटायच्या आत खुरप्याने काढत राहायचं. दर चार दिवसांनी एक फेरी. गाठीतलं बळ संपेपर्यंत तिला वर येऊ द्यायचं आणि पोसू द्यायचं नाही. यात मला इतकी मजा येते आहे की सकाळ कधी होते असं होतं.

काळजी एकच आहे आणि ती मातीची नाही. ताई तयारीला लागलेली दिसते. परवा तालुक्याला जाऊन नव्या सँडल घेऊन आली. चष्म्याची काच बदलली. केसांना काहीतरी लावते. मुलाला दोन पत्रं टाकली, आणि फोन असताना पत्र कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, काही गोष्टी लिहिलेल्या बऱ्या. भावोजींचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ घड्याळजींकडून दुरुस्त करून घेतलं आणि मुलाला द्यायचं म्हणून डबीत ठेवलं. शहरात राहायला जाणारी बाई असंच तर करेल.

मला एकटीने राहायची सवय आहे. हॉस्टेल, क्वार्टर, भाड्याची खोली, सगळीकडे एकटीच राहिले आणि मजेत राहिले. तेव्हा ताई गेली तरी फार काही बिघडणार नाही, हे मी लिहून ठेवते आहे. लिहिल्यावर खरं वाटेल असं वाटलं होतं.

२८ मार्च

घड्याळजी रोज येतात. डुकरांना पाणी पाजायला म्हणतात, पण पाणी मी केव्हाच पाजलेलं असतं. मला वाटतं त्यांना आमची विहीर आवडते. आले की काठावर बसतात. आता ताईनेही आपली खुर्ची तिकडे नेली आहे, सावली चांगली पडते म्हणून. सकाळी तिथे सावली नसते, पण तिला सांगून उपयोग नाही.

एक गोष्ट खटकते. पहिल्यांदा ते ताईला बाई म्हणायचे. आता काहीच म्हणत नाहीत. तिच्याकडे बघतात आणि सरळ बोलायला लागतात. मला मात्र अजून सिस्टर म्हणतात. ताईचंही तेच. "अहो, ती फळी जरा इकडे घ्या." "अहो, उन्हात उभे राहू नका." इतके दिवस झाले, शेजाऱ्याला घड्याळजी म्हणायला काय होतं? मी तसं तिला बोललेही. ती चहाच्या कपात बघत राहिली आणि म्हणाली, "तोंडात बसत नाही गं."

वकील आज फळीखालून नाक बाहेर काढत होता. दगड सरकवून ठेवला.

५ एप्रिल

वाईट दिवस.

वकिलाने फळी उचलली. दुपारी मी पाठ टेकायला गेले होते. पंपघराच्या भिंतीला लागून मी रोपं तयार केली होती, दोनशे टोमॅटो आणि दीडशे कोबी. महिनाभर रोज दोन वेळा झारीने पाणी घातलं होतं. वकील आणि त्याच्यामागून जज्ज, दोघांनी मिळून चाळीस मिनिटांत ट्रे पालथे घातले. कोबी खाल्ली, टोमॅटो तुडवले.

मी बाहेर आले तेव्हा ताई अनवाणी, पदर खोचून वकिलामागे धावत होती. चौसष्ट वर्षांची बाई. घड्याळजी दुसऱ्या बाजूने दार आडवं धरून येत होते. वकील दोघांच्या मधून निसटला आणि ताई चिखलात बसली. मला वाटलं आता बॅग भरणार. तर ती हसायला लागली. इतकी हसली की उठताच येईना. घड्याळजींनी हात दिला. उठल्यावरही बराच वेळ हात धरून होते, पुन्हा घसरेल म्हणून असेल. तोवर ती कोरड्या जागी आली होती.

मी ट्रे गोळा केले. एकवीस रोपं वाचली.

६ एप्रिल

आज काही केलं नाही. पंचवीस दिवस उरले. नवं बी टाकून रोपं व्हायला महिना लागतो. जमीन साफ होईल आणि लावायला काही नसेल. ताई म्हणाली होती लावता आलं तर, नुसती साफ झाली तर असं म्हणाली नव्हती. कोर्टातली बाई आहे, शब्द मोजून वापरते.

मी एवढी का घाबरले आहे? जागा गेली तर माझी पेन्शन आहे, कुठेही खोली मिळेल. पण दोन महिन्यांत एक सवय लागली. सकाळी कुणीतरी आतून विचारतं, उठलीस का गं. त्याला हो म्हणायचं.

९ एप्रिल

काय सांगू. घड्याळजींना एक रोपवाटिका माहीत आहे, त्यांनी तिथे फोन करून ठेवला होता. आज स्कूटरवरून जाऊन आले. अडीचशे कोबी आणि शंभर वांगी, बोटभर उंचीची, तजेलदार रोपं. ताई सामान धरायला म्हणून मागे बसून गेली. रोपवाटिका इथून चाळीस मिनिटांवर आहे. सकाळी नऊला गेलेली दोघं दुपारी अडीचला आली. रस्ता खराब असावा. ताईचा चेहरा उन्हाने लाल झाला होता.

मी विचारलं, जेवलात का कुठे? दोघं एकदम बोलले. ती हो म्हणाली, ते नाही म्हणाले.

असू दे. रोपं आली. मी आनंदाने त्यांना हातच जोडायची बाकी होते.

१५ एप्रिल

शेवटचा पट्टा झाला. डुकरं परत गेली. वकील फटीतून जाईना, ताईनेच समजूत काढली. आता खरी परीक्षा. सगळ्या तुकड्याला पाणी द्यायचं आणि दहा दिवस थांबायचं. ज्या गाठी जिवंत असतील त्या वर येतील. मग कळेल आम्ही जिंकलो की नुसती उकरपाकर केली.

पाणी सोडण्याआधी खुरप्याची शेवटची फेरी. आता तिघं असतो. मी तीन ओळी संपवते तेव्हा ती दोघं मिळून एक संपवतात. पण माणसं मदतीला येतात, त्यांना काय बोलणार.

२५ एप्रिल

पहाटे उजाडल्या उजाडल्या दोरी, वही आणि पेन्सिल घेऊन निघाले. अख्खा तुकडा ओळीने चालले. मध्ये थांबून मी दोनदा आपलीच नाडी बघितली. एकशे चार.

बासष्ट.

एका चौकटीत नव्हे. पन्नास पावलं गुणिले तीस पावलांच्या सबंध तुकड्यात बासष्ट कोंब. सगळे खुडून ओच्यात घेतले आणि पुन्हा एकदा मोजले. ही रोपं लावण्यासारखी जमीन आहे, कुठल्याही कोर्टात सांगेन.

ताईला उठवलं. ती अंथरुणातच उठून बसली, ओच्यात बघितलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. असं तिने मी शाळेत पहिली आले होते तेव्हा केलं होतं. मग म्हणाली, चार दिवसांनी मुलगा येतोय. मी बोलावलंय. गाडी घेऊन.

ओच्यातले कोंब तिथेच सांडले. अंथरुणावर.

२९ एप्रिल

आज झालं ते सगळं जसंच्या तसं लिहिते.

भाचा दहाला आला. गाडीची डिकी मोकळी करून आणली होती. त्याला चहा दिला. त्याने तुकडा बघितला, मावशी कमाल केलीस म्हणाला, पण लक्ष आईकडे होतं. ताईने नव्या सँडल घातल्या होत्या. घड्याळजीही आले, तोच इस्त्रीचा शर्ट. मला त्यांचं यायचं कारण कळेना. निरोप द्यायला आले असतील असं वाटून त्यांनाही चहा ओतला.

मी शेवटचा प्रयत्न केला. म्हटलं, "ताई, उद्या तीस तारीख. उद्या रोपं लावते. तू म्हणाली होतीस लावता आलं तर राहीन. मी शब्द पाळलाय."

"पाळलास," ती म्हणाली. "तरी मी जाणार आहे."

मी तिथेच पायरीवर बसले. ती माझ्याजवळ येऊन बसली, आणि कोर्टात टाइप करायची तसं एकेक अक्षर सुटं करून बोलली.

"बाळे, नीट ऐक. मी जाणार आहे ती कुंपणापलीकडे. यांच्या घरी. आम्ही दोघांनी ठरवलंय. मुलाला पत्रात लिहिलं होतं, तुला सांगायचं धाडस होईना."

पहिला प्रश्न माझ्या तोंडून काय निघाला? "आणि डुकरं?"

घड्याळजी म्हणाले, "ती तिथेच राहतील, सिस्टर."

भाच्याने चहाचा कप खाली ठेवला. मग त्याने घड्याळजींना तीन प्रश्न विचारले. तब्येत कशी असते, आधीच्या बायकोला जाऊन किती वर्षं झाली, आणि आई रागावली की काय करता. तिसऱ्याचं उत्तर त्यांनी थोडा विचार करून दिलं. "बाहेर जाऊन उभा राहतो. मग त्या बोलावतात." भाचा हसला. ताईने डबी आणली आणि बापाचं घड्याळ त्याच्या हातात बांधलं. तेव्हा मात्र तो रडला, आणि आम्ही तिघांनी दुसरीकडे बघितलं.

मी एकतीस वर्षं माणसाच्या चेहऱ्यावरून ताप ओळखत आले. माझ्या डोळ्यांसमोर पावणेदोन महिने हे चाललं होतं आणि मी गाठी मोजत होते. मागची पानं आत्ता वाचून काढली. वाचताना कान तापले.

भाचा गेल्यावर ताईला विचारलं, जायचंच होतं तर तीस एप्रिल कशाला म्हणाली होतीस? ती म्हणाली, "तू दहा दिवसांत कंटाळशील असं वाटलं होतं. माझी बॅग फेब्रुवारीत भरूनच होती. तू कंटाळलीच नाहीस. मग मलाही इथून हलवेना." लगेच तिने विचारलं, "तुला चालेल ना गं?"

मी म्हटलं, चालेल. आणि धुतलेलेच कप पुन्हा धुवायला घेतले. तिने ते बघितलं.

३० एप्रिल

अडीचशे कोबी, शंभर वांगी, आणि वाचलेली एकवीस. सगळी लावली. संध्याकाळी शेवटच्या रोपाला पाणी घातलं तेव्हा दिवे लागले होते. ओळी मी दोरी लावून घेतल्या होत्या, पण ताई आणि घड्याळजींची ओळ वाकडी गेली आहे. ती तशीच ठेवली.

११ मे

विवाह नोंदणीच्या कचेरीत सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून माझी एक सही, भाच्याची एक, तिसरी तिथल्याच शिपायाची. कारकुनाने ताईला वय विचारलं, तिने अभिमानाने सांगितलं. परत येऊन आम्ही चौघांनी अंडी, पाव आणि केक खाल्ला. मग ताईने बॅग उचलली, मी एका बाजूने धरली, आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडे नेऊन ठेवली. एकशे बारा पावलं. येताना मी एकटीच आले.

घर रिकामं वाटलं. उगीच खोटं कशाला लिहू. तिच्या खोलीत जाऊन आले. दोनदा.

१२ मे

पाचला जाग आली. उठलीस का गं, असं कुणी विचारलं नाही. मी थोडा वेळ तशीच पडून राहिले. मग उठले, कारण आज खुरप्याच्या फेरीचा दिवस होता.

बाहेर आले तर कोबीच्या ओळीत दोन पाठी वाकलेल्या. काल लग्न झालेली माणसं. ताईने जुनी साडी नेसली होती, घड्याळजींच्या अंगावर इस्त्री नसलेला शर्ट मी पहिल्यांदा बघितला. कोबीची पानं हाताच्या पंजाएवढी झाली आहेत, त्यावर दव होतं, आणि मधल्या मातीत शोधूनही काही सापडत नव्हतं.

"उशीर केलास," ताई मान वर न करता म्हणाली. "या बाजूला फक्त चार निघाले. तिकडचं तू बघ. आणि आधी चहा टाक. यांच्याकडे साखर संपलीय, आणि उद्यापासून रोज इथेच घेऊ म्हणतात."

मी विहिरीपलीकडे बघितलं. एकरातल्या उरलेल्या जागेत लव्हाळा गुडघ्याएवढा वाढला आहे. वाऱ्याने हलत होता. डोक्यात लगेच पट्टे पडायला लागले. पंपघरापासून चिंचोळा एक, मग दोन रुंद, मग फाटकापर्यंत. सहा महिने तरी लागतील. वर्षही लागेल.

आत आले आणि मोठं पातेलं चढवलं.